प्रशिक्षण सभागृहातून वर्गात आणा

प्रत्येक शिक्षकानं दरवर्षी किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नं मांडली. अपेक्षा रास्त आहे. प्रश्न आहे तो हे तास कुठे आणि कशात जातात याचा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत त्याचं उत्तर जवळपास सारखंच मिळतं: गटसाधन केंद्राचं, म्हणजे तालुक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण केंद्राचं, सभागृह, नाहीतर तालुक्याच्या गावातली एखादी मोठी माध्यमिक शाळा. सकाळी उपस्थिती पत्रकावर सही, मग प्रोजेक्टरवर पीपीटी, दुपारी गटकार्य आणि त्याचं सादरीकरण, जाताना लिंकवर अभिप्राय, नंतर प्रमाणपत्र. उरलेले तास मोबाइलवरच्या ऑनलाइन कोर्समध्ये भरून निघतात. माझं म्हणणं असं आहे की या 50 तासांतले निम्म्याहून जास्त तास चालू वर्गात, किंवा मुलांच्या वह्या आणि पाट्या समोर ठेवून, खर्च व्हायला हवेत. तसं होत नाही तोवर प्रशिक्षणाचं साहित्य कितीही उत्तम असलं तरी त्यातलं मुलांपर्यंत फार थोडं पोहोचतं.

यात शिक्षकांना दोष देण्याचं कारण नाही. दोष पद्धतीचा आहे. प्रशिक्षण राज्यस्तरावर तयार होतं. तिथून ते साधन व्यक्तींमार्फत, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांमार्फत, जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, येतं. प्रत्येक पायरीवर वेळ कमी होतो आणि वेळ कमी झाला की पहिल्यांदा गळतं ते प्रात्यक्षिक. पीपीटी जशीच्या तशी खाली येते, कारण ती फॉरवर्ड करता येते. मुलांसमोर प्रश्न कसा विचारायचा, चुकीचं उत्तर आल्यावर पुढचं वाक्य कोणतं बोलायचं, हे फॉरवर्ड होत नाही. ते पाहावं लागतं, स्वतः करून पाहावं लागतं आणि करताना दुसऱ्या कोणीतरी आपल्याला पाहावं लागतं. अमेरिकेतले ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980 च्या दशकात शिक्षक प्रशिक्षणाचे घटक वेगवेगळे करून हेच मांडलं होतं: सिद्धांत ऐकून ज्ञान वाढतं, प्रात्यक्षिक आणि सरावानं कौशल्य येतं, पण ते कौशल्य रोजच्या वर्गात उतरायला वर्गात येऊन सोबत करणारा सहकारी लागतो. जपानमधल्या प्राथमिक शाळांत पाच-सहा शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहत बसतात आणि मग त्यावर बोलतात. आपल्याकडे केंद्र आहे, केंद्रप्रमुख आहेत, केंद्रातल्या शिक्षकांची महिन्याची शिक्षण परिषद आहे. म्हणजे सांगाडा तयार आहे. त्यात वर्ग तेवढा नाही.

मुलांच्या सहभागाबद्दल आपल्या प्रशिक्षणांत पुष्कळ बोललं जातं. 2015 च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल अनुभवातून स्वतःचं ज्ञान स्वतः घडवतं हा विचार, हा शब्द वाडीवस्तीवरच्या शाळेतही पोहोचला. फरश्या रंगल्या, भिंती बोलक्या झाल्या, खडे, बिया, काड्या, मणी वर्गात आले. त्यातून वर्गातली भीती कमी झाली आणि हे मोठंच काम झालं. पण साहित्य बदललं तरी अनेक वर्गांत प्रश्न तेच राहिले. "समजलं का?" आणि वर्गाचा एका सुरात "होऽऽ". हा होकार म्हणजे सहभाग नव्हे. 30 मुलांच्या वर्गात 8 मुलं मोठ्यानं हो म्हणतात, 10 त्यांच्यामागे ओढली जातात आणि बाकीची नुसती पाहत असतात, तरी शिक्षकाच्या कानाला ते एकच उत्तर ऐकू येतं. गाणी, टाळ्या, कृती यांचंही तसंच आहे. हात हलतात, डोकं चालतंय की नाही ते कळत नाही. सहभागाची कसोटी एकच धरावी: या तासात प्रत्येक मुलाला स्वतःचं उत्तर ठरवावं लागलं का, आणि ते उत्तर शिक्षकाला दिसलं का?

ही कसोटी पाळणं अवघड नाही, पण त्यात बारकावे आहेत आणि प्रशिक्षणानं तेच शिकवायला हवेत. एक उदाहरण सविस्तर पाहू. पाचवी-सहावीत दशांश अपूर्णांक येतात. फळ्यावर प्रश्न लिहिला: 7.5 आणि 7.25, यांत मोठी संख्या कोणती? बरीच मुलं 7.25 म्हणतात, कारण 25 हे 5 पेक्षा मोठे. यामागे वाचण्याची सवयही आहे. आपण "सात पॉइंट पंचवीस" म्हणतो आणि मुलाच्या कानावर पंचवीस ही पूर्ण संख्या पडते. "सात पॉइंट दोन पाच" असं वाचलं तर निदान ही एक वाट बंद होते. पण काही मुलं 7.5 हे बरोबर उत्तर देतात आणि तरीही त्यांना समजलेलं नसतं. त्यांनी मनाशी असं ठरवलेलं असतं की दशांश चिन्हानंतर जितके जास्त अंक तितके तुकडे बारीक, म्हणून संख्या लहान. त्यांना 7.3 आणि 7.45 द्या. ती 7.3 मोठी म्हणतील. गंमत पाहा, पहिल्या जोडीत चुकलेली मुलं या दुसऱ्या जोडीत बरोबर येतात, कारण 45 हे 3 पेक्षा मोठेच. म्हणजे दोन्हींपैकी एकच जोडी विचारली तर एक चुकीची समजूत शिक्षकापासून हमखास लपते. घटक चाचणीत असा एकच प्रश्न येतो, मुलाला पूर्ण गुण मिळतात आणि सातवीत जाऊन सगळं अडतं. दोन्ही जोड्या लागोपाठ विचारल्या तर पाच मिनिटांत वर्गाचे तीन गट डोळ्यांसमोर येतात.

आता विचारायचं कसं? पाटी काढा. एक मूल उभं करून उत्तर घेतलं तर एकच उत्तर कळतं. पाटीवर सगळ्यांची कळतात. प्रश्न फळ्यावर लिहून एकदाच वाचायचा. मग गप्प राहायचं. मेरी बड रो या अमेरिकी विज्ञानशिक्षण संशोधकांनी 1970 च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. ती वाट पाहणं 3 सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. 3 सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. फळ्यासमोर उभं राहून मनात एक-दोन-तीन मोजून पाहा, ती शांतता किती लांब वाटते ते कळेल. म्हणूनच याचा सराव लागतो. अर्ध्या मिनिटात मुलांनी उत्तर लिहायचं आणि पाटी मांडीवर उलटी ठेवायची. "दाखवा" म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. शिक्षकानं डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची आणि बरोबर-चूक काहीही बोलायचं नाही. 7.5 लिहिणारा एक आणि 7.25 लिहिणारा एक असे दोघे निवडून दोघांनाही एकच शब्द विचारायचा: "का?" मग एक मिनिट शेजाऱ्याशी बोलायला द्यायचं आणि पुन्हा लिहायला लावायचं.

यात काय बिघडतं तेही सांगायला हवं, कारण इथेच ही पद्धत सोडून दिली जाते. पाट्या एकेक करून वर आल्या की मुलं पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीची पाटी पाहून आपली पुसतात. शिक्षकाच्या तोंडून पहिल्याच पाटीला "शाब्बास" निघालं की चर्चा संपली. "का?" हा प्रश्न फक्त चुकणाऱ्यालाच विचारला तर दोन दिवसांत मुलं ओळखतात की "का" म्हणजे "तुझं चुकलं". प्रत्येक प्रश्नाला पाटी काढली तर अर्धा तास लिहिण्या-पुसण्यात जातो. म्हणून एका तासाला तीनच प्रश्न, तेही आदल्या दिवशी टाचणात, म्हणजे पाठाच्या तयारीच्या नोंदीत, लिहून ठेवलेले. आयत्या वेळी सुचलेला प्रश्न बहुधा असा असतो की त्याच्या उत्तरातून मुलाची समजूत कळत नाही. दैनिक टाचणात "मुले कृती करतील, शिक्षक मार्गदर्शन करतील" असली ठरावीक वाक्यं लिहिण्यापेक्षा हे तीन प्रश्न आणि प्रत्येकाला येऊ शकणारी दोन चुकीची उत्तरं लिहिली तर टाचणाची एक ओळ दहा ओळींचं काम करेल.

चूक सापडली की पुढे काय? इथे खान्देशातल्या मुलांजवळ मोठी शिदोरी आहे. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी शेतात काटा लागतो, आईच्या कापसाचं वजन मुलांच्या कानावर पडतं: सव्वासात किलो, साडेसात, पावणेआठ. साडेसात हे सव्वासातपेक्षा जास्त, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. मजुरीचा हिशेब त्यावरच होतो. तेच मूल वहीत 7.25 ला मोठं ठरवतं, कारण सव्वासात म्हणजेच 7.25 हा दुवा त्याला कोणी जोडून दिलेला नसतो. आधी तोंडी सव्वा, साडे, पावणे. मग 250 ग्रॅम, 500 ग्रॅम, 750 ग्रॅम. मग चौकटीच्या वहीत 10 बाय 10 चा चौरस, त्यात अर्धा भाग म्हणजे 5 उभ्या ओळी, 50 घरं. पाव भाग म्हणजे 25 घरं. आणि सगळ्यात शेवटी 7.50 आणि 7.25. उलट "मागे शून्य जोडा आणि तुलना करा" हा नियम पहिल्याच दिवशी दिला तर उत्तरं लगेच बरोबर यायला लागतात आणि समजूत तिथेच थांबते. शून्य जोडल्यानं किंमत का बदलत नाही, हे विचारलं की वर्ग शांत होतो.

एका घटकाचं एवढं खोलात सांगण्याचं कारण असं की प्रशिक्षणांत विषयाच्या आत शिरून बोलणं जवळपास नाहीसं झालं आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये एक साधी गोष्ट मांडली: विषय माहीत असणं वेगळं, शिकवण्याची सामान्य तंत्रं माहीत असणं वेगळं, आणि हा विशिष्ट विषय मुलांना नेमका कुठे अडतो आणि कोणत्या उदाहरणानं सुटतो हे माहीत असणं हे तिसरंच ज्ञान. हे तिसरं ज्ञान शिक्षकांकडे असतं, पण विखुरलेलं असतं. सत्तावन्न ऐकून 75 लिहिणारं मूल, एकशेपाच 1005 असं लिहिणारं मूल, 52 वजा 27 करताना लहान अंक मोठ्यातून काढून 35 उत्तर आणणारं मूल प्रत्येक शाळेत असतं. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 2019 साली "पन्नास सात" अशी संख्यावाचनाची रीत आली ती याच अडचणीपोटी, आणि वाद गाजला तो मात्र भाषेच्या सोवळ्या-ओवळ्याचा. शिक्षण परिषदेत पाच-सहा शाळांच्या वह्या टेबलावर पसरून अशा चुकांची वर्गवारी केली, प्रत्येक चुकीमागचं मुलाचं गणित शोधलं, तर तासाभरात जे शिकायला मिळतं ते दिवसभराच्या पीपीटीत नाही.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. "माले समजनं नही" असं म्हणणारं मूल घरातली स्वच्छ अहिराणी बोलत असतं. त्याला "नीट बोल" म्हटलं की ते पुढच्या वेळी बोलतच नाही, आणि त्याची नोंद आपण "सहभाग कमी" अशी करतो. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, पहिलीतल्या मुलाची भाषा पावरी किंवा भिली असते. मराठी ही त्याला शाळेतच पहिल्यांदा सलग ऐकू येणारी भाषा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये शक्य असेल तिथवर मातृभाषेतून शिकवण्याचं म्हटलं आहे. पण पुण्यात तयार झालेली प्रशिक्षण पुस्तिका कोल्हापूरला जी जाते तीच तोरणमाळला जाते. हे काम वरून होणार नाही, केंद्रातच करावं लागेल. पहिली-दुसरीच्या पाठ्यपुस्तकातून मुलांना अडणारे 200 शब्द काढायचे आणि प्रत्येकासमोर मुलांच्या बोलीतला शब्द लिहायचा. अंगणवाडी ताई, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आणि स्थानिक सहकारी हे या कामातले तज्ज्ञ. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या शिक्षकाला रुजू झाल्याच्या दिवशी ही यादी मिळाली पाहिजे. वर्गात क्रम असा ठेवावा की आधी मुलांनी चित्रावर किंवा प्रसंगावर आपल्या भाषेत बोलावं, मग शिक्षकानं त्यातली तीन-चार वाक्यं मराठीत म्हणून फळ्यावर लिहावीत, मग मुलांनी ती वाचावीत. घाईत पहिली पायरी गाळली जाते आणि मुलं अर्थ न कळता फळ्यावरची अक्षरं म्हणत राहतात.

दुसरी उणीव बहुवर्गाची. प्रशिक्षणातला नमुना पाठ एका इयत्तेसाठी, 40 मिनिटांसाठी, सगळी मुलं एका पातळीची धरून बनवलेला असतो. खान्देशातल्या वाड्यापाड्यांवर द्विशिक्षकी शाळा कितीतरी. एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी, आणि एक जण बैठकीला गेला की चारही. तिथे खरं कौशल्य लागतं ते दुसऱ्या गटाला काय देऊन ठेवायचं याचं. "धडा पाच वेळा लिहा" हे काम मुलांना गप्प ठेवतं, शिकवत नाही. चालेल असं काम म्हणजे ज्यात मूल स्वतःची चूक स्वतः पकडू शकतं: उत्तरं मागे लिहिलेली गणिताची कार्डं, दोघांनी एकमेकांना वाचून दाखवायचा उतारा, शब्दकार्डांवरून वाक्यं लावणं. ज्या गटाला एकट्यानं काम करता येतं त्याला आधी 3 मिनिटांत कामाला लावायचं, मग दुसऱ्या गटाला 15 मिनिटं सलग शिकवायचं, मग पहिल्या गटाकडे यायचं आणि त्यांनी केलेलं तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. तपासणं वगळलं की दुसऱ्या दिवसापासून मुलं ते काम गंभीरपणे घेत नाहीत. बहुवर्गाचं प्रशिक्षण बहुवर्गाच्याच शाळेत, तशीच मुलं समोर असताना व्हायला हवं. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाऊन मार्चमध्ये परतणाऱ्या मुलांचाही विचार यातच यावा. ती परत येतात तेव्हा घटक पुढे गेलेला असतो, आणि त्यांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे काही आठवडे रोज तासभर वेगळं बसवणं हाच उपाय बहुतेक ठिकाणी चालतो.

आता 50 तासांची मांडणी. 10 तास विषयाच्या आशयासाठी. 6 तास प्रात्यक्षिक आणि सहकाऱ्यांसमोर सराव यांसाठी. 20 तास एकमेकांचे वर्ग पाहणं आणि त्यावर बोलणं. 10 तास मुलांच्या वह्या, पाट्या, चाचण्या एकत्र तपासणं. उरलेले 4 तास ऑनलाइन. वर्ग पाहण्याचं एक आवर्तन दोन तासांचं धरावं: 45 मिनिटं मिळून पाठ आखणं, 40 मिनिटं पाठ, 35 मिनिटं चर्चा. जून ते एप्रिल अशी 10 आवर्तनं होतात. आणि वर्षभरात विषय दोनच घ्यावेत. पहिल्या सत्रात प्रश्न विचारणं, दुसऱ्या सत्रात चुकीच्या उत्तराचं काय करायचं. दर महिन्याला नवा विषय आला की आधीचा कोणाच्याच अंगी लागत नाही.

पाहणाऱ्यानं काय पाहायचं, हे आधी ठरलेलं असावं. एका कोऱ्या कागदावर वर्गातली बैठक चौकटींनी काढायची. 20 मिनिटांत जे मूल एकट्यानं विषयाबद्दल काही बोललं किंवा ज्याचं उत्तर शिक्षकानं पाहून त्यावर काही म्हटलं, त्याच्या चौकटीत एक रेघ. समूहानं दिलेली उत्तरं मोजायची नाहीत. शेवटी तो कागद शिक्षकाच्या हाती द्यायचा. रिकाम्या चौकटी बहुधा मागच्या ओळीत, भिंतीकडेला आणि उशिरा दाखल झालेल्या मुलांच्या जागी दिसतात. यावर कोणी काही बोलण्याची गरजच पडत नाही, शिक्षकाला स्वतःलाच ते दिसतं. चर्चा त्याच दिवशी व्हावी आणि तिची सुरुवात "छान झालं" किंवा "असं करायला हवं होतं" अशी होऊ नये. "7.25 लिहिणारी मुलं 11 होती, दुसऱ्यांदा 4 राहिली, ती 4 कोण?" अशी व्हावी. शिक्षकानं पुढच्या वेळेसाठी एकच बदल ठरवावा आणि पुढच्या भेटीत तेवढाच पाहिला जावा.

हे बिघडायला एक गोष्ट पुरते: पाहणीची तपासणी होणं. शाळेला भेट म्हणजे शेरेबहीत शेरा, ही आपली जुनी सवय. पाहणीचा कागद कार्यालयात गेला, त्यावर गुण दिले गेले किंवा त्याचा फोटो तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागवला गेला, की शिक्षक स्वतःला वाचवायला लागणार. आदल्या दिवशी तोच पाठ मुलांकडून घोटून घेतला जाईल, उत्तरं येणारी मुलं पुढे बसतील, आणि पाहणाऱ्यांना एक सुंदर पाठ पाहायला मिळेल ज्यातून कोणालाच काही शिकता येणार नाही. म्हणून नियम स्पष्ट हवा: तो कागद शिक्षकाचा. केंद्रप्रमुखांनी वर फक्त इतकंच कळवावं की आवर्तन कोणत्या शाळेत, कोणत्या तारखेला झालं आणि कोणत्या घटकावर. पहिला पाठ शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी किंवा अनुभवी मुख्याध्यापकांनी स्वतः घ्यावा, इतरांसमोर चुकावं, अडखळावं. त्यानंतर तरुण शिक्षक आपला वर्ग मोकळेपणानं उघडतील.

यावर आक्षेप येतील आणि ते खोटे नाहीत. सगळ्यात मोठा असा की एक शिक्षक दुसऱ्याचा वर्ग पाहायला गेला तर त्याची शाळा कोण सांभाळणार? शिक्षण परिषदेच्या दिवशी यजमान शाळेतला एकच वर्ग जेवणानंतर तासभर थांबवता येतो, पालकांना आदल्या दिवशी सांगून. बाकी शाळा सकाळी भरून सुटलेल्या असतात, त्यामुळे कोणाचा वर्ग बुडत नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात मात्र हे करू नये, तेव्हाची आवर्तनं वह्या तपासण्याची ठेवावीत. डोंगराळ केंद्रात दहा शाळांनी एका ठिकाणी येणंच अवघड, पावसाळ्यात तर अशक्य. तिथे चार-पाच शाळांचे दोन उपगट करावेत. आणि एरवी शाळेतलेच दोघे एकमेकांचे 20 मिनिटं पाहू शकतात, दोन्ही वर्ग एकत्र बसवून. तेही जमलं नाही तर खिडकीत मोबाइल टेकवून दहा मिनिटांचं चित्रण करावं, त्याला नेटवर्क लागत नाही. ते शिक्षकानं स्वतः पाहावं, हवं तर एका विश्वासाच्या सहकाऱ्याला दाखवावं आणि पुसून टाकावं. त्यात मुलांचे चेहरे असतात, ते कोणत्याही ग्रुपवर जाता कामा नये. केंद्रप्रमुखांची जागा रिकामी असेल तर उपगटातल्या शिक्षकांनी आळीपाळीनं सूत्रं घ्यावीत.

दुसरा आक्षेप कामाच्या ओझ्याचा. मतदार याद्यांचं काम, यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीतली माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, रोज नवी लिंक, यांत शिक्षकाचा जीव मेटाकुटीला येतो आणि वर हे 10 आवर्तनांचं काम. हा आक्षेप पूर्ण मान्य करून एवढंच म्हणायचं की हे जादा काम नाही, आहे त्या 50 तासांची अदलाबदल आहे. सभागृहातले दिवस तितकेच कमी झाले पाहिजेत, नाहीतर हे सुरूच करू नये. सेवेच्या 12 आणि 24 वर्षांनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीसाठीच्या प्रशिक्षणातही आवर्तनांचे तास धरले जावेत. शिक्षकाचा पगार ज्या प्रशिक्षणाशी जोडलेला आहे त्यात वर्ग नसेल, तर व्यवस्था वर्गाला किती मोल देते हे शिक्षकाला बरोबर कळतं.

ऑनलाइन कोर्स टाकाऊ आहेत असं माझं म्हणणं नाही. चांगला पाठ कसा दिसतो हे दाखवणारा 8 मिनिटांचा व्हिडिओ परिषदेत सगळ्यांनी मिळून, मध्येच थांबवून, "आता हे शिक्षक पुढे काय विचारतील?" असं एकमेकांना विचारत पाहिला तर तो फार उपयोगी पडतो. पण एकट्यानं, दुसरं काम करता करता पुढे सरकवलेला कोर्स पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र शिकवण्यात फरक पडल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

राहिल्या आश्रमशाळा. तळोदा, नंदुरबार, धुळे, यावल या प्रकल्प कार्यालयांखालच्या शाळा आदिवासी विकास विभागाच्या, जिल्हा परिषदेच्या शाळा शिक्षण विभागाच्या. दोन्हींच्या वर्गांत मुलं त्याच पाड्यांवरची, भाषा तीच, अडचणी त्याच. पण एकाच गावातल्या या दोन शाळांचे शिक्षक एका प्रशिक्षणात क्वचितच बसतात. चौथी-पाचवीपर्यंत गावच्या शाळेत शिकलेलं मूल पुढे आश्रमशाळेत जातं, तेव्हा त्याच्याबद्दल आधीच्या शिक्षकाला असलेली माहिती गावच्या शाळेतच राहते. दोन्ही विभागांच्या जिल्हास्तरावरच्या अधिकाऱ्यांनी मिळून एका पत्रानं परवानगी दिली तरी केंद्राच्या शिक्षण परिषदेत आश्रमशाळेचे प्राथमिक शिक्षक येऊ शकतात. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी यासाठी पुढाकार घ्यावा आणि येत्या जूनच्या पहिल्या परिषदेपासून, सातपुड्यालगतच्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत प्रत्येकी एका केंद्रात तरी, हे सुरू करावं. पहिल्या आवर्तनाला पाट्या, चौकटीच्या वह्या आणि बैठकीचा नकाशा काढायला कोरे कागद एवढंच साहित्य पुरेल.